रक्त सोडण्याआधी

डॉ. तनपुऱ्यांनी गळ्यातल्या स्टेथोस्कोपची नळी चिमटीत धरली, दाबली आणि म्हणाले, "इथे आम्ही रक्त थांबवतो." नळी रबराची होती, दाबल्यावर चपटी झाली, एवढंच झालं. पण समोर बसलेल्या संघमित्राच्या पोटात, उजव्या बरगडीखाली, काहीतरी थांबल्यासारखं झालं. खरं तर काही थांबलं नव्हतं, हे तिला कळत होतं. यकृत असं आतून जाणवत नसतं, ते कापलं तरी त्याचं त्याला दुखत नाही, दुखतं ते वरच्या आवरणाला, हे तिने वाचलं होतं. तरी तिने हात बरगडीवर नेला आणि डॉक्टरांना दिसू नये म्हणून ओढणी सारखी केली. डॉक्टर मुंबईचे. महिन्यातून एकदा धुळ्याला येऊन एका खासगी दवाखान्यात यकृताचे रुग्ण बघायचे. तिचा थोरला भाऊ राजदीप त्यांचा रुग्ण. लहानपणी कधीतरी शरीरात शिरलेली कावीळ इतकी वर्षं गुपचूप काम करत राहिली आणि आता त्याचं यकृत दगडासारखं झालं होतं. नवीन मिळालं तरच. वहिनीचा रक्तगट जुळला नाही, आतेभाऊ कुंदन तपासणीत बाद झाला, आणि संघमित्राचं सगळं जुळलं. तिच्या यकृताचा उजवा भाग कापून दादाला बसवायचा. डॉक्टर संध्याकाळी परत निघणार होते, त्याच्या आत तिने हो किंवा नाही सांगायचं होतं. ती त्यासाठीच सकाळच्या गाडीने जळगावहून आली होती. गाडीत पारोळ्यापर्यंत 'हो' होतं, पारोळ्यानंतर काहीच नव्हतं.

"आतड्यांकडून येणारं सगळं रक्त या एका मोठ्या शिरेने यकृतात जातं," डॉक्टर कागदावर रेघा काढत म्हणाले. "जुनं यकृत काढायचं तर ही शीर बंद करावीच लागते. बंद केली की मागे तुंबतं. आतडी फुगायला लागतात."

"मग तुम्ही आधी बंद करता की आधी दुसरीकडे उघडता?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी शेजारी बसलेल्या समन्वयक बाईंकडे पाहिलं, मग संघमित्राकडे. "तुम्ही मेडिकलच्या का?"

"पाइपांच्या."

ते हसले. ती हसली नाही. जळगावला ठिबकच्या कारखान्यात ती पाइप तपासायच्या विभागात होती. पाइपात पाणी भरायचं आणि तो फुटेपर्यंत दाब वाढवत जायचा, हे तिचं रोजचं काम. ठिबकवाल्यांचा पहिला धडा असतो, की केळीच्या एका पट्ट्याचं पाणी दुसऱ्या पट्ट्यात न्यायचं तर आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग मागचा बंद करायचा. शेतकऱ्याला हे पटत नाही. वीज ठरावीक तास, विहिरीत पाणी तळाला, त्यात मधली दोन मिनिटं पाणी दोन्हीकडे वाटलं जाणार, म्हणजे वायाच जाणार असं त्याला वाटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी चोपड्याच्या बाजूला रुपचंद नानांच्या केळीत ती जोडणी बघायला गेली होती. नानांनी तिच्यादेखत आधी मागचा व्हॉल्व्ह गच्च फिरवला. "पानी काय पळी जास का, पोरी?" असं म्हणत ते सावकाश पुढच्याकडे निघाले आणि मधल्या जोडाजवळ जमिनीतून आवाज आला. तो आवाज तिला अजून आठवतो. फुटण्याचा नव्हता तो, फुटण्याच्या आधीचा होता. पाइपाने दात आवळल्यासारखा. मग माती उडाली, आणि नाना, ती आणि केळीची चार झाडं चिखलाने भिजली. नाना चिखलातून म्हणाले, "आते समजनं." त्यांना हसू आलं होतं. तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की जे वाहत असतं त्याला तुम्ही दार लावलं याच्याशी काही देणंघेणं नसतं. ते येतच राहतं.

"आधी उघडतो," डॉक्टर आता वेगळ्या सुरात, जणू कामावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागले. "सगळ्यांनाच लागतं असं नाही, पण लागलं तर ही शीर तात्पुरती या मोठ्या शिरेला जोडून देतो, हृदयाकडे जाणाऱ्या. म्हणजे आतड्यांचं रक्त तुंबत नाही, दुसऱ्या वाटेने जातं. पूर्वी ही मोठी शीरसुद्धा यकृताबरोबर कापून काढायचे. मग कमरेखालचं रक्त वर जायलाच वाट नाही. ते पंप लावून शरीराबाहेरून फिरवायला लागायचं. आता आम्ही शीर ठेवतो. तिच्या एका कडेलाच चिमटा लावतो आणि तिथे नवीन तुकडा जोडतो. अर्धा रस्ता चालू ठेवून अर्धा खोदतात ना, तसं."

"आणि नवीन तुकड्यात रक्त सोडताना?"

"तेच तुमच्या बाबतीत जरा बघावं लागेल." त्यांनी स्कॅनचा पडदा तिच्याकडे वळवला. तिच्या आतलं राखाडी, गुळगुळीत काहीतरी तिथे होतं. इतकं शांत दिसत होतं की तिला ते आपलं वाटेना. "दादा अंगाने थोराड. तुमचा तुकडा त्यांच्या मानाने थोडा छोटा पडेल. आणि त्यांच्या शिरेत दाब फार आहे, वर्षानुवर्षांचा. तो सगळा प्रवाह एकदम छोट्या तुकड्यावर आला तर त्याला मार बसतो. म्हणून प्लीहेकडे जाणारी धमनी बांधून टाकतो. तेवढं रक्त कमी होतं. दाब मोजतो, मग सोडतो."

"आणि तरीही जास्त आला तर?"

"आणखी उपाय आहेत."

"ते करूनही?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "मग तुकडा टिकत नाही, ताई."

माझ्यात काय करता, हेही तिने विचारलं. कापताना रक्त कमी जावं म्हणून शिरा जरा रित्या ठेवतात, सलाइन बेताचं देतात. गरज पडली तर यकृताकडे येणारी वाट थोडा वेळ दाबून धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. तिने मान डोलावली. तिचा आवाज एकदाही हलला नव्हता. समन्वयक बाई कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम किती धीराच्या आहेत. नाहीतर लोक इथे नुसते रडतात." प्रश्न विचारणारा माणूस घाबरलेला नसतो, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. लहानपणापासून हेच होत आलं होतं. ती अंधाराला घाबरायची तेव्हा रडायची नाही, उजेड कुठून येतो ते विचारायची. माय म्हणायची, ही पोरगी काही भीत नाही. आणि एकदा घरात एक माणूस न भिणारा आहे असं ठरलं, की बाकीचे त्याच्यापुढे निवांत भिऊ शकतात.

मग डॉक्टरांनी समन्वयक बाईंना बाहेर पाठवलं. दार लागल्यावर ते हळू बोलले. "हे मी प्रत्येक दात्याला एकटं बसवून सांगतो. द्यायचं नसेल तर देऊ नका. कारण सांगायची गरज नाही, मलाही नाही. घरच्यांना मी कळवेन, तपासणीत बसलं नाही. विषय संपला. तुम्ही नाही म्हणालात हे कोणालाही कळणार नाही. संध्याकाळी मी निघायच्या आत फोन करा."

बाहेर आल्यावर तिने रिक्षा केली नाही. देवपूरला दादाच्या घरी जायचं म्हणजे पांझरेवरच्या पुलावरून, चालत बराच वेळ लागतो, आणि तिला तो वेळ हवा होता. ऊन उतरलं नव्हतं. एक दार उघडलं होतं आणि ती त्या दाराला जास्त भ्यायली होती. आत्तापर्यंत वाट एकच होती, त्यामुळे चालता येत होतं. आता नुसतं 'नाही' एवढं एका माणसाला फोनवर सांगायचं होतं, ते 'नाही' वाटेत कुठेतरी 'बसलं नाही' होऊन घरी पोचणार होतं, आणि घरचे तिलाच धीर देणार होते. माय म्हणाली असती, तू तरी काय करशील, बेटा. तिने ते वाक्य ऐकलंसुद्धा, मायच्या आवाजात, आणि बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून अंगावर काटा आला. पुलाखाली नदीत पाणी नव्हतं, ओल होती. मधोमध एक काळपट धार होती आणि दोन कुत्री तिच्यात उभी होती. हवं तेव्हा धरणातून पाणी सोडतात, मग ही दोन दिवस नदी असते.

लहानपणी साक्रीला ती आणि दादा एक खेळ खेळायचे. मायच्या शिलाईच्या डब्यातला दोरा घ्यायचा, बोटाच्या पेरावर घट्ट गुंडाळायचा आणि कोण जास्त वेळ धरतं ते बघायचं. बोट आधी लाल व्हायचं, मग जांभळं, मग त्याला स्पर्शच कळेनासा व्हायचा. स्वतःच्या हातावर कोणा दुसऱ्याचं बोट चिकटवल्यासारखं वाटायचं. बांधलेलं असताना काही दुखायचं नाही. दुखायचं ते दोरा सोडल्यावर. रक्त आत घुसायचं, गरम, टोचत, आणि बोट जणू ओरडायचं. दादा नेहमी आधी सोडायचा आणि बोट तोंडात घालून नाचायचा. ती सोडायची नाही. एकदा तिचं बोट काळं पडायला लागलं तेव्हा दादानेच रडत रडत ब्लेडने दोरा कापला होता. ती जिंकली होती. खरं तर तिला सोडायची भीती वाटत होती. सोडल्यावर काय होतं ते माहीत होतं म्हणून ती धरून बसली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं घडत असताना दादाचं हृदय अडखळतं, हे तिने वाचून ठेवलं होतं आणि मुद्दाम विचारलं नव्हतं. थंड करून ठेवलेल्या तुकड्यातून पहिलं रक्त फिरून हृदयात पोचतं तेव्हा दाब खाली जातो, ठोका चुकतो. कधी कधी तो परत येत नाही. तिच्या तुकड्यातून गेलेलं रक्त. मधल्या वेळात तो तुकडा एका भांड्यात बर्फावर असणार, तिचाही नाही आणि त्याचाही नाही. ती एका टेबलावर उघडी, तो दुसऱ्या टेबलावर रिकामा, आणि मध्ये ते भांडं. तिने पुलाच्या कठड्याला हात लावला. तो इतका तापला होता की लगेच काढावा लागला.

ती घरात शिरली तेव्हा शेजारच्या शेवंताबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. "उनी का, बाई," तिला आलेली बघून त्या म्हणाल्या, आणि ती चप्पल काढेपर्यंत आतल्या बाजूला तोंड करून मायला म्हणाल्या, "आक्काबाई, उनी तुनी पोर. तिना मांगे कोन शे तशी? नवरा नही, पोर नही. पुण्यनंच काम शे." आवाज लहान करायची त्यांना सवय नव्हती. हे वाक्य संघमित्राने निरनिराळ्या तोंडून ऐकलं होतं. कारखान्यातल्या एकाने तर, "तुम्हाला सुट्टीचाही प्रश्न नाही मॅडम," असं म्हटलं होतं. तिच्यामागे कोणी नाही म्हणजे तिच्या पुढचीही जागा मोकळीच, असा काहीतरी हिशेब होता.

माय स्वयंपाकघरात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होती. तिने वळून पाहिलं नाही. "काय सांगं डाक्टरनी?"

"सगळं जुळतं म्हणे, माय."

हात थांबला नाही, भाकरी गोल फिरत राहिली. थोड्या वेळाने ती तव्याकडे बघत म्हणाली, "दोन्हीसले एकच दिन कापतीन ना?"

"हो."

"आनि खोल्या दोन ऱ्हातीन."

"हो, दोन. शेजारी शेजारी."

"मंग मी कोनता दारपुढे बसू?"

मायने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

दादा पुढच्या खोलीत कॉटवर, पाठीला दोन उशा लावून बसला होता. महिन्याभरात हात काटक्यांसारखे झाले होते आणि पोट पाण्याने टम्म. डोळ्यांत हळद कालवल्यासारखी. वहिनी, दीपमाला, औषधं आणायला गेली होती. तो शाळेत इतिहास शिकवायचा. आयुष्यात थेंब घेतला नव्हता, पण लिव्हर म्हटलं की लोक डोळे मिचकावायचे आणि तो त्यांना सांगायचा, "हो, रोज एक खंबा, वर्गातच." आताही त्याने तिला बघून पोटावर थाप मारली. "या मॅडम. टाकी भरलीय, तपासून घ्या."

"लीक नाही ना कुठे?"

"अजून तरी नाही." त्याने तिला पायाशी जागा करून दिली. पाय सुजून चकाकत होते. तिने न ठरवता त्याच्या घोट्यावर बोट दाबलं, आणि बोट काढल्यावरही तिथे खळगा राहिला. दोघंही त्या खळग्याकडे बघत राहिले. तो भरून यायला फार वेळ लागला.

"तुला एकटीला बसवलं होतं का?" दादाने विचारलं. "बाईला बाहेर पाठवून?"

तिला वाटलं आपण 'नाही' म्हणणार. "हो," ती म्हणाली.

"कुंदनलापण बसवलं होतं. मी बाहेर बाकावर होतो. आत गेला तेव्हा ठणठणीत, बाहेर आला तर लिव्हरमध्ये चरबी निघाली." दादा हसला. "कुंदन. वारं सुटलं तर खांबाला धरून उभा राहतो तो. त्याच्या लिव्हरमध्ये चरबी."

मघाशी उघडलेलं दार बंद झाल्याचं तिला कळलं, 'बसलं नाही'चा अर्थ दादाला माहीत होता. मागचं आधीच बंद होतं. दोन्ही बाजू बंद, आणि आत येणारं येतच होतं.

"मी कुंदनला काही म्हटलं नाही," दादा म्हणाला. "आला की चहा पाजतो. तुझ्यातही काही निघालं तर मी काही म्हणणार नाही गं, मित्रा." आणि मग भिंतीकडे बघत, अगदी सहज, "निघू दे काहीतरी."

"काय?"

"काहीही. चरबी निघू दे, शीर वाकडी निघू दे." त्याचा आवाज अजूनही चेष्टेचाच होता, पण हात चादरीची कड गोळा करत होते. "मला नाही म्हणता येत नाही गं. दीपा रात्रंदिवस पळते, माय अशी. मी कोणत्या तोंडाने म्हणू की मला नको. पण तुझ्यात बसलं नाही तर मग झालं. मग कोणाचाच दोष नाही."

म्हणजे तोही त्याच दाराकडे बघत होता, पलीकडून. इतके दिवस ती समजत होती की भीती तिच्या एकटीची आहे आणि त्याच्याकडे फक्त आजार आहे. तिने विचारलं, "कशाची भीती वाटते?"

"मला कोणी नीट सांगितलंच नाही काय करतात ते. मी सांगूच देत नाही. डॉक्टर बोलायला लागले की मी मनात सनावळ्या म्हणतो." तो थांबला. "तू सांग. तुला कळलं असेल."

आणि तिने सांगितलं. दुसरं काही येत नव्हतं. त्याच्या ताणलेल्या पोटावर, सदऱ्यावरूनच, बोटाने रेघ काढत ती सांगू लागली. इथून आतड्यांचं रक्त येतं. इथे ते आधी दुसऱ्या वाटेला लावतात, मगच ही वाट बंद करतात. ही मागची मोठी शीर कापत नाहीत, चालू ठेवतात.

"मग जुनं काढतात."

"हो."

"काढल्यावर आणि नवीन बसवायच्या आधी, इथे काय असतं?"

"काही नाही."

"रिकामं."

"रिकामं. पण तुझं हृदय चालू असतं. रक्त बाजूने जात असतं."

तो ऐकत होता. सनावळ्या म्हणत नव्हता हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. "मग?"

"मग माझा तुकडा इथे आणतात. आधी ही शीर शिवतात, मग ही. तुझा दाब जास्त आहे, म्हणून प्लीहेची धमनी बांधतात, दाब मोजतात, आणि मग हळूहळू सोडतात." ती थांबली. पुढचं तिने गिळून टाकलं असतं. पण त्याने नीट सांग म्हटलं होतं. "सोडताना हृदय अडखळू शकतं. पहिल्या काही मिनिटांत. तेव्हा सगळे तयार असतात."

"आणि तुकडा?"

"फिक्का असतो. रक्त आलं की रंग येतो."

"किती वेळात?"

"ते विचारलं नाही मी."

"विचार ना," दादा म्हणाला. लहान मुलासारखा म्हणाला. "किती वेळ तो फिक्का राहतो ते विचार."

तिने फोन लावला. आकडा एकदा चुकला. पलीकडे रस्त्याचे आवाज होते, डॉक्टर गाडीत बसले असावेत. तिने आधी तोच प्रश्न विचारला. रक्त सोडल्यावर रंग यायला किती वेळ लागतो.

"लगेच येतो. डोळ्यांदेखत," डॉक्टर म्हणाले. "पण खरं सांगू का, मी तेव्हा तिकडे बघत नाही. दाबाच्या आकड्याकडे बघत असतो. रंग आला म्हणून बाकीचे सांगतात." मग थोडं थांबून, "तुमचं काय ठरलं, ताई?"

तिने दादाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, आणि त्याने मान हलवली. किंचित, दोनदा, नकाराची. तो विनवत होता. एक शब्द, आणि दोघं सुटत होते. दोघांनाही एकमेकांचं माहीत असणार होतं, आणि कुंदनसारखा तिलाही तो चहा पाजणार होता. तो चहा तिला दिसला. मग पावसाळ्यापर्यंत, किंवा त्याही आधी, ही कॉट रिकामी दिसली. कॉटखालची त्याची चप्पल दिसली. तिच्या उजव्या बरगडीखाली काही जाणवत नव्हतं, तिथे काही जाणवतच नाही.

"लगेच म्हणाले," तिने फोन कानाशीच धरून दादाला सांगितलं. "रंग लगेच येतो." आणि मग फोनमध्ये, "तारीख धरा, डॉक्टर."

ते काहीतरी बोलत राहिले, उपाशी पोटाबद्दल, कधी दाखल व्हायचं त्याबद्दल. ती हो म्हणत गेली. तिने फोन ठेवला. दादाने चादर सोडून दिली होती. हात मांडीवर उताणे पडले होते. तो तिच्याशी अहिराणीत क्वचितच बोलायचा, शिकायला बाहेर पडल्यापासून दोघांची ती सवय मोडली होती.

"आते माले पळता येवाव नही," तो म्हणाला.

"मालेबी नही," ती म्हणाली, आणि आता तिला हुडहुडी भरली. इतकी, की दात वाजू नयेत म्हणून तिला जबडा आवळावा लागला. दादाने ते पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी पाहिलं. तो पुढे वाकला, पोट आड येत होतं तरी, आणि त्याने तिचं मनगट धरलं.

"भाकरी थंड्या व्हई राह्यन्यात," आतून माय म्हणाली. "दोन्ही जन या."

ती उठली नाही. तोही उठला नाही.